उशिरा केलेली येळवस

थंडी पडली आणि ज्वारीच्या कणसात दूध भरलं, की हल्ली सोलापूरच्या चारी बाजूंच्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे फलक लागतात. शेतात बाजा टाकलेल्या, झाडाला झोपाळे बांधलेले, आणि फोटोपुरता फेटा घातलेला एक माणूस दारात उभा. परवा भाच्यानं मला मोठ्या हौसेनं अशा एका ठिकाणी नेलं. आगटी पेटली होती. भाजलेली कणसं चोळून कुणी गरम दाणे हातावर घालत होतं. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सगळं होतं. शेजारच्या बाजेवर चार बापे मोबाइलवर डोकी घालून बसले होते. कुठल्याशा देशात एकाच देशाच्या माणसांची आपापसात जुंपली आहे, त्याचे ते व्हिडिओ. रस्त्यात माणसं पडलेली, एक बाई कुणाला तरी काखेत धरून ओढत चाललेली. एकजण म्हणाला, "आवाज वाढव की." आणि दुसऱ्या हातानं त्यानं चटणी वाढून घेतली. माझ्या तळहातावरचा हुरडा मी मातीत टाकला. भाचा म्हणाला, मावशी, पित्त झालं असेल.

पित्तच आहे. फक्त ते आजचं नाही, एकाहत्तर सालचं आहे. शाळेत शिकवून निवृत्त झाले, केस पांढरे झाले, पण हा हंगाम आला की ते वर येतंच.

त्या वर्षी मी कॉलेजात नुकती जायला लागले होते. सोलापुरात बाळीवेशीत आमचं भुसाराचं दुकान आणि मागं घर. दुकानात अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोक्यावरच्या फळीवर रेडिओ. उन्हाळा लागता लागता बातम्या यायला लागल्या, की पाकिस्तानच्या पूर्वेकडच्या भागात तिथलंच सैन्य तिथल्याच माणसांवर तुटून पडलं. वसतिगृहात झोपलेली पोरं मारली, गावंच्या गावं जाळली, माणसांचे लोंढे आपल्या हद्दीत यायला लागले. ती वसतिगृहातली पोरं माझ्याच वयाची होती. आमच्या कट्ट्यावर मात्र संध्याकाळी पोत्यांवर बैठक जमायची. आल्या आल्या पहिला प्रश्न, आज किती मेले? ज्वारीचा भाव विचारावा तसा. आकडा मोठा असला की सगळे "आरारारा" करायचे. त्या आरारारात हळहळ थोडी आणि चव जास्त असायची. मी आतून चहाचे कप घेऊन जायची, ते हातात देऊन न थांबता परत फिरायची.

त्या बैठकीत अक्कलकोटचे मल्लप्पाशेठ असायचे. मालाच्या खरेदीला ते वरचेवर यायचे. गोरेपान, हसतमुख, कपाळाला विभूती, मठातल्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत. त्यांना वाईट माणूस कुणी म्हटलं नसतं, मीही नाही. त्यांच्या महादेवीशी माझ्या थोरल्या भावाचा, शिवानंदअण्णाचा साखरपुडा त्याच वैशाखात झाला. अण्णा फौजेत शिपाई होता. दुकानात तराजू धरून बसायचं नाही म्हणून घरात न सांगता भरती झालेला, आणि मग अप्पांनीच ज्याचा चारचौघांत अभिमान मिरवायला सुरुवात केली होती असा. महादेवीशी त्याचं काही बोलणं झालं नाही, तशी पद्धतच नव्हती. पण विडा पुढं करताना तिनं मान खाली न घालता त्याच्याकडं सरळ बघितलं. तेवढ्यावर अण्णा रजा संपेपर्यंत शीळ घालत हिंडत होता. लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरलं. नंतर त्याची पलटण बंगालच्या सीमेकडं गेली आणि खुशालीच्या कार्डाशिवाय काही कळेनासं झालं.

डिसेंबरात आपलं सैन्य उतरलं तेव्हा सोलापुरात खिडक्यांना काळे कागद लागले. रॉकेल बाजारातून नाहीसं झालं. कुठं गेलं ते आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं, कारण ते त्यांच्याच परसात होतं. हीच माणसं सकाळी देशासाठी घोषणा द्यायची. शेवटी एका संध्याकाळी शरणागतीची बातमी आली आणि पेठेत पेढे वाटले. पेढ्याचा हात अव्वापुढं, आमच्या आईपुढं, आला, तर तिनं विचारलं, माझा पोरगा आला का? नाही ना, मग ठेवा तिकडं.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं, अक्कलकोटच्या बाजूला, त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत मातीचे पांडव मांडायचे, तुरी-हरभऱ्याची ओली भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे, आणि मडक्यात आंबवलेली आंबील. आंबील पिकावर शिंपडत कानडीत आरोळी द्यायची आणि मग जेवायला बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बसवायचं. वैरी असला तरी येळवशीला बांधावरून उपाशी परत पाठवायचा नाही, हा त्या दिवसाचा कायदा. वळसंगच्या पुढं आमचं शेत, तिथं दरवर्षी शंभर माणूस जेवायचं. त्या वर्षी अव्वानं पांडवांना नुसता नैवेद्य दाखवला आणि मडकं पालथं घातलं. म्हणाली, शिवा येईल तेव्हा करीन, तवर माझी येळवस राहिली. मठातल्या स्वामींनी तिथीचं सांगितलं, थोरल्या काकांनी शास्त्र सांगितलं. अव्वानं कुणाचं ऐकलं नाही.

मध्ये संक्रांतीचा गड्डा आला. सिद्धेश्वराच्या त्या जत्रेवर माझा लहानपणापासून जीव, पण त्या वर्षी फुगे फोडायच्या दुकानात फुग्यांवर माणसांची तोंडं काढली होती. मिशा, लष्करी टोप्या, रडके डोळे. छऱ्याच्या बंदुकीला रांग लागली होती. बापे पोरांना कडेवर घेऊन नेम धरायला लावत होते, फुगा फुटला की भज्याचा घास भरवत होते. भज्याच्या तेलाचा तो वास मला पुढं कितीतरी वर्षं सहन झाला नाही.

अण्णा आला तो गड्ड्यानंतर, हुरडा संपत आला होता तेव्हा. दारात भाकरतुकडा ओवाळला, पेठेतली माणसं गोळा झाली, कुणीतरी हार घातला. तो फार वाळला नव्हता. फक्त बूट काढताना भिंतीला धरून बसला आणि मोजे सोलल्यासारखे काढले. पायाच्या बोटांमधलं कातडं पांढरं होऊन सुटलं होतं, टाचा चिरल्या होत्या, आणि एक कुजकट वास सोप्यात पसरला. हार घालणारे दोन पावलं मागं सरले. अव्वानं पाय मांडीवर घेतले आणि सगळ्यांसमोर तेल लावायला बसली.

त्या गर्दीतला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. काय आणलंस तिकडनं? कुणी ऐकलं होतं की ढाक्यात घड्याळं रस्त्यावर पडली होती, कुणी म्हणत होतं ट्रान्झिस्टर, कुणी म्हणत होतं टेरिलीन. मल्लप्पाशेठ दुसऱ्या दिवशी आले, तेही हेच म्हणाले, पण थट्टेत घालून, की जावईबापूंनी सासऱ्याला विसरू नये. अण्णा म्हणाला, पाय आणलेत तेवढे बघा. सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

सकाळी मी परसात भांडी घासायची तेव्हा अण्णा शेजारी दगडावर बसून दाढी करायचा. तिकडंही रोज करावी लागायची म्हणाला, अर्ध्या मग पाण्यात, चिखलात उभं राहून, कारण साहेब आधी हनुवटी बघायचे. लढाई ही कट्ट्यावरच्या माणसांना वाटते तशी नसतेच, असं तो सांगायचा. लढाई म्हणजे खड्डे. लपायला खड्डा, हगायला खड्डा, आणि मेलेल्यांना पुरायला खड्डा. पावसाळ्यात निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पटकी पसरली, तेव्हा फौजेची फावडी आधी त्या कामाला लागली, बंदुका नंतर. बूट पायातच असायचे. जळवा बुटाच्या आत शिरायच्या. पाण्याला औषधाची चव आणि औषधाखाली कसली तरी दुसरी. पुरी-भाजी हातावर यायची, डाव्या हातानं माशा हाकायच्या आणि उजव्यानं खायचं. सुरुवातीला घशाखाली उतरायचं नाही, मग उतरायला लागलं. "आणि गंगे, उतरायला लागलं त्याचीच मला किळस येती बघ," एवढं तो म्हणाला आणि वस्तरा धुवायला उठला.

गोळ्यांचं तो फारसं बोलला नाही. बोलला ते माणसांचं. आमचं सैन्य एका गावात शिरलं तेव्हा एक म्हातारा नारळाचं पाणी घेऊन पुढं आला, रडला, पाया पडला. दुपारी तोच म्हातारा वल्ह्यानं शेजाऱ्याला मारत होता. शेजारी मेला तरी मारतच होता. शेजाऱ्यानं काय केलं होतं ते अण्णाला कळलं नाही, भाषा येत नव्हती. दोघांची घरं एका अंगणात होती म्हणाला, मधे तुळशीएवढी भिंत. मी भांडं घासायचं थांबले. आमच्या आणि शेजारच्या परसामध्येही तेवढीच भिंत होती.

आल्या दिवशीच अव्वानं त्याची ट्रंक उपसली होती आणि विचारलं होतं, चादर कुठाय? भरतीच्या वेळी तिनं त्याला आपली सोलापुरी चादर दिली होती, लाल-हिरव्या मोरांची. अण्णा म्हणाला, दिली एकीला. अव्वाचा चेहरा बदलला, तसा तो खाली बसला आणि तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. मी दाराआड होते. एका शाळेच्या इमारतीला बाहेरून कुलूप होतं. ते तोडलं तर आत बाया. पळून गेलेल्या शिपायांनी महिनोन्महिने कोंडलेल्या. अंगावर कापड नाही, साड्या काढून घेतलेल्या, फास लावून घेऊ नये म्हणून. सुभेदारांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. मग हे दहा-बारा बापे पाठमोरे, एकेक पाऊल मागं टाकत खोलीत गेले, पाठीमागं हात करून. कुणाच्या हातात कांबळं, कुणाच्या हातात लुंगी, कुणाचा सदरा. अण्णाच्या हातातली चादर कुणीतरी ओढून घेतली. कुणी ते त्यानं पाहिलं नाही. अव्वा म्हणाली, बरं केलास. आणि हे कुठं बोलू नको, त्या बायांचं हाय ते.

अव्वानं ठरवल्याप्रमाणे येळवस झाली. तिथी नाही, अमावस्या नाही, ज्वारीचे दाणे पार टणक झालेले, पण कोप उभी राहिली, आंबील आंबली, आणि पेठेतली, गावातली, पाहुण्यातली माणसं गाड्या जुंपून आली. मल्लप्पाशेठ बायको आणि महादेवीला घेऊन आले. बायका कोपीच्या सावलीला बसल्या, बापे बांधाकडं. अण्णा स्वतः मडकं घेऊन वाढत होता. महादेवीच्या पानापुढं आला तेव्हा तिनं नको म्हणायला हात आडवा धरला नाही, आणि त्यानं जरा जास्तच वाढलं. आम्ही पोरी एकमेकींना कोपरं मारत होतो. त्या क्षणापर्यंत तो दिवस चांगला होता.

बाप्यांच्या पंगतीत चौकशा सुरू होत्या. किती मारले, कसे मारले, मरताना काय बोलतात. अण्णा भज्जी घ्या, उंडा घ्या, एवढंच बोलत होता. मल्लप्पाशेठ दुसऱ्यांदा आंबील घेत होते. मिटक्या मारत ते म्हणाले, आता खरं सांगा जावईबापू, आपलीच माणसं हायत सगळी. मग आवाज खाली आणला, पण शेतात आवाज खाली आणून राहत नाही, आम्हां बायकांपर्यंत शब्दन् शब्द आला.

"त्या कोंडलेल्या बाया तुमच्याच लोकांनी सोडवल्या म्हणं, पेपरात आलं हाय. लई देखण्या असत्यात तिकडच्या. मग, सोडवायच्या आधी काय बघितलासा की न्हाई?"

आणि हसले. हे मी विसरू शकत नाही, की पंगतही हसली. अप्पा हसले नाहीत, पण खाली बघून भाकरी मोडत राहिले. काका हसले. मठात पहिल्या रांगेत बसणारे सगळे हसले. ओठाला आंबील लागलेली ती हसरी तोंडं मी बघितली आणि हातातला घास ताटात टाकला.

अण्णानं मडकं खाली ठेवलं. वाकून मल्लप्पाशेठांपुढचं ताट उचललं, तसंच, अर्धं भरलेलं.

"मामा, उठा," तो म्हणाला. "माझ्या शेतात तुमाला जेवण न्हाई."

येळवशीला भरल्या ताटावरून माणूस उठवला, तोही व्याही. असलं आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. अप्पा धावले, काका ओरडले, मल्लप्पाशेठ लालबुंद होऊन उपरणं झटकत गाडीकडं निघाले आणि लांबूनच त्यांनी बायको-पोरीला हाक मारली. महादेवीची आई पदर डोळ्याला लावून उठली. महादेवीही उठली. जाताना तिनं आपलं ताट हातात घेऊन अव्वाकडं दिलं, म्हणजे ते जमिनीवर टाकून ती गेली नाही. अव्वानं ते घेतलं. अण्णाच्या हातातलं ताट मात्र तिनं बैलापुढंसुद्धा ठेवू दिलं नाही, उकिरड्यावर रितं कर म्हणाली.

पुढचे दिवस आमच्या घरात नुसती ये-जा. सगळ्यांचा एकच सूर, पाहुणा उठवलास, येळवस बाटवलीस. पाहुणा काय बोलला हे कुणी विचारायचं नाही. मी एकदा मध्ये तोंड घालून सांगितलं, तर काका म्हणाले, बोलला असेल, बापे बोलतात, त्यात एवढं काय. बायकाही तेच म्हणाल्या, हे जास्त लागलं. पेठेत बोलणं पसरलं, की पोराच्या डोक्यावर लढाईचा परिणाम झालाय. ज्यांनी हार घातला होता त्यांनीच ते पसरवलं.

शेवटी काकांनी तोड काढून आणली. अण्णानं अक्कलकोटला जायचं, चार माणसांत मल्लप्पाशेठांच्या पायाला हात लावायचा, चुकलं म्हणायचं. मग लग्न ठरल्याप्रमाणे. नाही तर त्या उन्हाळ्यात पोरगी विजापूरकडच्या स्थळाला. अण्णाची रजा संपत आली होती. संध्याकाळी तो मला म्हणाला, म्हणतो चुकलं. शब्दच हाय. याहून घाण हातानं उपसलीय. असं म्हणताना त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. पण त्याला ती हवी होती, हे मला दिसत होतं.

तो जाणार त्याच्या आदल्या दिवशी मी काकूबरोबर स्वामींच्या दर्शनाचं निमित्त करून अक्कलकोटला गेले. महादेवी आईबरोबर मठात येते हे मला माहीत होतं. पाय धुवायच्या नळापाशी ती एकटी सापडली. अण्णाचं लग्न मोडलं हे आज सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, कारणही सगळे आपापल्या परीनं सांगतात, आणि ती खरोखरच विजापूरकडं दिली गेली. पण त्या नळापाशी काय झालं हे आम्हां तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. मी घाईघाईनं सांगितलं, की अण्णा उद्या येतोय, चुकलं म्हणणार आहे, तू काळजी करू नको. तिनं नळ बंद केला. डोळे सुजलेले होते. ती कानडीत बोलली, तेच मराठीत सांगते.

"त्यांना म्हणावं, येऊ नका. माझ्या बापानं मला ऐकू जाईल असं विचारलं ते. त्याला तुम्ही चुकलं म्हणालात, तर मग मी कुणाबरोबर संसार करू? तुम्ही पाया पडलात तर मीच नको म्हणेन."

आईची हाक आली, ती गेली. संध्याकाळच्या गाडीनं मी परतले, तेव्हा अण्णानं उद्यासाठी इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून ठेवला होता आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून तो दुखऱ्या बोटांमध्ये औषध भरत होता. मी शेजारी बसून तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं बाटलीला बूच लावलं. उठून खुंटीवरचा सदरा काढला आणि त्याची घडी घातली.

"परत सांग," म्हणाला.

मी परत सांगितलं.